गारगोटीची बाजू

माझी पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली त्याला आता पंधरा वर्षे होऊन गेली. तिच्यावर जी दोन-तीन परीक्षणे आली, त्यांतल्या एकातले एक वाक्य मला अजून पाठ आहे. 'दुरून हिरा वाटावा आणि हातात घ्यावे तो गारगोटी निघावी, तसे ह्या कादंबरीचे झाले आहे.' त्या वाक्याने मी आठ दिवस जेवणावरून अर्धपोटी उठत होतो. पुढे कादंबरी मीच पुन्हा वाचली आणि परीक्षणकाराचे फारसे चुकले नव्हते, असे मला प्रामाणिकपणे वाटले. तेव्हा ह्या लेखात त्यांना उत्तर देण्याचा माझा विचार नाही. फक्त त्या वाक्यात ज्या बिचाऱ्या वस्तूची विनाकारण बदनामी झाली, त्या गारगोटीची बाजू मांडावी एवढाच हेतू आहे. दिवाळीच्या दिवसांत सराफकट्टा गजबजलेला असतो. अशा वेळी दगडाचा कैवार कोणीतरी घ्यावयास हवा.

'हिरा तो हिरा, गार ती गार' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु आपली साहित्यसमीक्षाही ह्याच म्हणीवर उभी आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. आपण लेखनाला 'कसदार' म्हणतो. हा कस सोनाराच्या कसोटीच्या दगडावरचा. शैलीला 'पाणी' आहे म्हणतो. ते मोत्याचे आणि हिऱ्याचे. स्वभावचित्राला 'पैलू पाडले' म्हणतो, चांगल्या टीकाकाराला 'पारखी' म्हणतो आणि थोर लेखकाला 'साहित्यरत्न' करून मोकळे होतो. म्हणजे टीकाकार हा आपल्या कल्पनेत जवाहिऱ्याच्या गादीवर बसलेला असतो आणि लेखक आपली पुरचुंडी सोडून त्याच्यासमोर हात जोडून उभा असतो.

ही परंपरा जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त हिरा, मोती, माणिक आणि पाचू यांच्या परीक्षेवर स्वतंत्र अध्याय लिहिले. रत्नाचे गुण कोणते आणि दोष कोणते, कोणते रत्न धारण केले असता काय फळ मिळते, अशी त्या शास्त्राची मांडणी असते. इकडे अलंकारशास्त्रानेही काव्याचे गुण आणि काव्याचे दोष अशाच याद्या केल्या. एक शास्त्र दुसऱ्यावरून बेतले, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण दोघांची दृष्टी सख्ख्या भावंडांसारखी आहे. वस्तू समोर ठेवावयाची, यादी हातात घ्यावयाची आणि गुणांतून दोष वजा करून किंमत सांगावयाची. बाजारासाठी ही पद्धत उत्तम. पण जी वस्तू बाजारासाठी नाही, तिचे काय करावयाचे?

हा प्रश्न मला एका विद्यार्थ्याने घातला. आणि तोही एक अक्षर न बोलता. मी शाळेत मराठी शिकवतो. म्हणींचा तास चालू होता. ही वरची म्हण मी फळ्यावर लिहिली तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि दप्तरातून रुमालात बांधलेला एक दगड काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवला. त्यांच्या शेतात विहिरीचे काम चालू होते. यारीने वर काढलेल्या डबरात त्याला तो सापडला होता. काळ्या दगडाच्या खोबणीत पांढरेशुभ्र, काचेसारखे काही चमकत होते. मी तो धड हातातही घेतला नाही. "ही बघा मुलांनो, गार ती गार!" असे म्हणून मी तो दगड खिडकीतून बाहेर टाकला. वर्ग हसला, मुलगा खाली बसला. उदाहरण आयतेच मिळाले म्हणून मी खूश होतो. आपल्यावर ओढलेला कोरडा आपण दुसऱ्याच्या पाठीवर उतरवला, हे समजावयास मला काही वर्षे जावी लागली.

जालन्यात माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दगड जमवण्याचा छंद घेतला. एका रविवारी त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी कपाटातून काळ्या मखमलीत गुंडाळलेली एक वस्तू काढली, खिडकीचा पडदा ओढला आणि मग ती माझ्या तळहातावर ठेवली. बोटभर लांबीचा, चपटा, उभ्या रेघांचा स्फटिक होता तो. रंग फिका जांभळट-गुलाबी. जांभळी साडी पुष्कळ वेळा धुतल्यावर पदराला जो येतो तसा. "कुन्झाइट," ते म्हणाले. "अफगाणिस्तानातल्या नूरिस्तानचा. जयपूरच्या बाजारातून आणला. जालना जिल्हा आडवातिडवा खणला तरी हा इथे सापडावयाचा नाही."

का सापडावयाचा नाही, ते त्यांनी पुढे सांगितले. खनिजशास्त्राचा माझा अभ्यास मॅट्रिकच्या पलीकडे गेलेला नाही, पण जेवढे समजले ते असे. कुन्झाइट हा स्पोड्युमिन नावाच्या खनिजाचा एक रंगीत प्रकार. लिथियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि प्राणवायू मिळून स्पोड्युमिन होते. ग्रॅनाइटचा रस जमिनीच्या पोटात थिजत येतो, तेव्हा इतर कोठेही न सामावलेली द्रव्ये शेवटच्या रसात उरतात आणि त्या उरल्यासुरल्यातून हे स्फटिक वाढतात. आपली भूमी मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याची, काळ्या बेसॉल्टची. तिच्या पोटात कुन्झाइट नाही. पण लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि त्यांतून झिरपलेल्या पाण्याने पुढे दुसरेच जडजवाहीर घडवले. विहीर खोदणारे लोक ज्याला 'मांजऱ्या' म्हणतात तो पांढऱ्या ठिपक्यांचा खडक म्हणजे हाच. ठिपका मोठा झाला की त्याची गुहा होते, आणि गुहेत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट अशी परदेशी नावांची आपली घरची मंडळी नांदत असतात. स्टिल्बाइटचे स्फटिक तर मधोमध आवळून बांधलेल्या गव्हाच्या पेंढीसारखे दिसतात.

स्पोड्युमिनची कथा मला कादंबरीकार म्हणून फार आवडली. १८०० साली जुझे बोनिफासियो दि अँद्रादा ह्या पंडिताने त्याला हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'जळून राख झालेले'. कारण हे खनिज तापवले की राखेच्या रंगाचे होते. हाच गृहस्थ पुढे ब्राझीलच्या स्वातंत्र्याचा एक प्रमुख शिल्पकार ठरला. तर सामान्य स्पोड्युमिन दिसावयास असे राखाडी, ओबडधोबड. दक्षिण डाकोटातल्या एका खाणीत त्याचे चाळीस फुटांहून लांब स्फटिक निघाले. त्यांना कोणी रत्न म्हटले नाही. पण १९०२ साली कॅलिफोर्नियातल्या पाला गावाजवळ त्याच खनिजाचे गुलाबी, पारदर्शक स्फटिक मिळाले. टिफनी ह्या प्रसिद्ध पेढीचे रत्नतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक कुन्झ यांनी ते ओळखले आणि १९०३ साली त्यांच्याच नावावरून त्याला कुन्झाइट हे नाव मिळाले. राखाडी दगडात आणि ह्या रत्नात फरक किती? स्वच्छपणा आणि मँगनीजचा किंचितसा अंश. बाकी घडण तीच. आज त्या राखाडी दगडाला जगात कुन्झाइटपेक्षा अधिक गिऱ्हाईक आहे, कारण आपल्या हातातल्या मोबाइलच्या बॅटरीचे लिथियम पुष्कळसे त्याच्याच भट्टीतून येते. हिरा कोणता आणि गार कोणती, हे इथे कोणत्या दुकानात उभे राहून विचारता ह्यावर आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. जवाहिरा आणि संग्राहक हे दोघेही दगड पारखणारेच. पण दोघांच्या पारखण्यात जमीनअस्मानाचे अंतर आहे. जवाहिऱ्याला दगडातून पुढे काय निघेल ह्यात रस. तो पैलू पाडतो, म्हणजे दगडाचा नको तो भाग घासून टाकतो. संग्राहकाला दगड जसा वाढला तसा हवा असतो. त्याच्या लेखी पैलू म्हणजे स्फटिकाने आपल्या नियमाने वाढताना स्वतःच घडवलेली बाजू. माझ्या हातातल्या कुन्झाइटवर बारीक त्रिकोणी खळगे होते. मला ते दोष वाटले. गृहस्थ म्हणाले, "अहो, ती त्याची चाल आहे. जमिनीच्या पोटात द्रवांनी त्याला कोरले त्याच्या त्या खुणा. जवाहिरा ह्या पहिल्याने पुसेल." मला आमच्या समीक्षेतले 'पैलू पाडणे' आठवले. आम्ही लेखकाला पैलू पाडल्याबद्दल शाबासकी देतो, आणि जी वाढ त्याच्या लेखनाला आपोआप आली तिला 'ओबडधोबड' म्हणतो.

दुसरी गोष्ट घणाची. तुकोबांचा हिरा ऐरणीवर घणाचे घाव सोसतो, ही कल्पना मराठी मनात खोल रुजली आहे. तुकोबा खनिजशास्त्र सांगत नव्हते, संतांची लक्षणे सांगत होते. त्यांच्या जागी ते पूर्ण खरे आहे. परंतु आम्ही टीकाकारांनी त्यातून घण तेवढा उचलला. वस्तुतः हिऱ्यावर दुसऱ्या कोणत्याही खनिजाने ओरखडा उठत नाही हे खरे, तरी नेमक्या रेषेवर ठोका बसला तर हिराही दुभंगतो. हिरे कापणारे त्याच युक्तीने ते फोडीत आले. कठीणपणा वेगळा, चिवटपणा वेगळा. कुन्झाइट तर दोन दिशांनी सहज चिरकणारा. पैलू पाडताना कारागिराच्या हातात त्याची ढलपी केव्हा उडेल याचा नेम नसतो. म्हणून तो खोटा ठरत नाही. घाव सोसला तेच खरे, असे मानणारी समीक्षा कठीण लेखन तेवढे राखते आणि हळवे लेखन फोडून मग त्याच्या चुऱ्याकडे बोट दाखवते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. त्या गृहस्थांनी स्फटिक माझ्या हातात उभा करून डोळ्यांसमोर धरला आणि लांबीच्या दिशेने आरपार पाहावयास सांगितले. मघाचा विटका रंग एकदम गडद झाला, पिकल्या जांभळाच्या गरासारखा. आडवा धरला की पुन्हा फिका. एकाच दगडात दिशेप्रमाणे रंग बदलतो. कुन्झाइटमध्ये हा गुण फार ठळक असतो. कारागिराला पैलू पाडताना ही दिशा आधी शोधावी लागते, नाहीतर चांगल्या दगडाचे बेरंगी खडे होतात. वाचकहो, मला सांगा, आपण किती पुस्तके आडवी धरून वाचतो? विनोदी लेखकाकडून तत्त्वज्ञान मागतो, ग्रामीण कादंबरीत शहरी वेग शोधतो, आणि रंग फिका आहे असा निकाल देतो. पुस्तक कोणत्या बाजूने पाहावयाचे, ते शोधणे हे टीकाकाराचे पहिले काम. किंमत सांगणे हे शेवटचे, आणि न सांगितली तरी चालण्याजोगे.

आणि तो पडदा? कडक उजेडात फार काळ ठेवला तर कुन्झाइटचा रंग उतरतो. म्हणून जाणकार तो अंधारात ठेवतात आणि पाहावयाचा तेव्हाच बाहेर काढतात. आमच्या काही लेखकांना सत्कारांच्या प्रखर उजेडात जे झाले ते पाहिले म्हणजे पडद्याचे महत्त्व अधिक पटते. नावे घेत नाही, दिवाळी आहे.

एवढे सगळे ऐकून मी संग्राहकाचा भक्त झालो असेन, असे कोणी समजू नये. संग्राहकाच्या दृष्टीतही खोट आहे, आणि ती मी त्यांच्या तोंडावर बोललो. त्यांना टोक तुटलेला नमुना चालत नाही. ज्याची सर्व टोके शाबूत, तो कपाटात. ज्याचे एक टोक विहिरीच्या सुरुंगात उडाले, तो अंगणातल्या कुंडीत. मराठवाड्यात टोके शाबूत राहिलेली माणसे मी फार थोडी पाहिली आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळात ह्या जिल्ह्यात माणसांनी पाण्यासाठी जमीन खोल खोल खणली. कित्येकांना पाणी लागले नाही, नुसता दगड लागला. कादंबरीकार म्हणून मला त्या कुंडीतल्या नमुन्यांशीच काम आहे.

किमतीचाही प्रश्न आहे. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १९६३ साली नाताळात पत्नीला देण्यासाठी कुन्झाइटची एक अंगठी घेतली होती. नाताळापूर्वीच, नोव्हेंबरात, त्यांची हत्या झाली. ती अंगठी १९९६ साली लिलावात ४ लाख १५ हजार डॉलरना गेली. ही किंमत दगडाची म्हणावयाची की न दिल्या गेलेल्या भेटीची? त्या विकत घेणाऱ्याला मी हसत नाही. गोष्टीची किंमत मोजणारा मनुष्य गोष्ट लिहिणाऱ्याला परका नाही. पण सुरुंगाच्या धुरात ज्याने खोबणीत हात घालून स्फटिक बाहेर काढला, त्याच्या गोष्टीला मात्र चहापाण्याच्या पलीकडे पैसे पडत नाहीत, एवढे नमूद केले पाहिजे.

ह्या बाबतीत संग्राहकांचा एक नियम मात्र मला शिरसावंद्य आहे. प्रत्येक नमुन्याबरोबर एक चिठ्ठी असलीच पाहिजे: खनिजाचे नाव आणि सापडल्याचे ठिकाण. चिठ्ठी हरवली की उत्तम नमुनाही अर्ध्या किमतीचा होतो. एकोणिसाव्या शतकात, १८६३ साली पुरा झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गासाठी डोंगर फोडताना असे स्फटिक निघाले आणि युरोपच्या संग्रहालयांत गेले. तेव्हापासून दख्खनच्या कितीतरी नमुन्यांवर नुसते 'पूना' एवढेच लिहिलेले असते. गाव कोणते, शिवार कोणते, याची दाद नाही. जालन्याच्या विहिरीतला स्फटिकही व्यापाऱ्याच्या पेटीत शिरला की वाटेतल्या एखाद्या मोठ्या शहराचे नाव घेऊन जगात जातो. मराठवाड्याच्या लेखकांना ह्यात नवीन असे काही वाटणार नाही.

खरे पाहता ह्या भागाला दगडाचे नाव मोठे करण्याची सवय फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला 'पेरिप्लस'कार सांगतो की पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांत घालून भडोचच्या बंदरावर जात. आमच्या जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवरच्या दानलेखांत त्या गावच्या माणसांची नावे कोरली आहेत. १९७३ साली तिथे उत्खनन झाले, तेव्हा किमती दगडांच्या मण्यांबरोबर एक हस्तिदंती स्त्रीमूर्तीही मिळाली आणि तिचे इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी असलेले साम्य पाहून पंडित थक्क झाले. तो दाता आपले गाव दगडावर कोरून ठेवण्यास विसरला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. दोन हजार वर्षांपूर्वीची ती चिठ्ठीच आहे. चांगल्या टीकेनेही एवढे करावे: हे काय आहे, कोठल्या मातीतले आहे, कोणत्या पोकळीत आणि कोणत्या पाण्याने वाढले, ते नीट लिहून ठेवावे. गुणदोषांची यादी वाचकाला स्वतःची करता येते. ह्याच जिल्ह्यात जांबला जन्मलेल्या समर्थांनी प्रचीतीचा एवढा आग्रह धरला. दुसऱ्याच्या कसोटीवर विसंबू नये, हे आम्हांला वेगळे शिकवावयास नको होते.

सिन्नरला कृष्णचंद्र पांडे यांनी २००१ साली खनिजांचे एक संग्रहालय उभारले. आपल्या बेसॉल्टच्या पोटातले जिओलाइट तिथे देशोदेशींचे लोक पाहावयास येतात. त्या संग्रहालयाला नाव दिले आहे 'गारगोटी'. आमच्या टीकाकारांचा शेलका शब्द एका माणसाने सरळ उचलून दारावर लावला. मराठी समीक्षेला इतके नेमके उत्तर मी दुसरे वाचलेले नाही.

राहता राहिला माझा विद्यार्थी. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्या गावी गेलो. तो आता स्वतःच विहिरींच्या कामावर यारी चालवतो. मी बिचकत बिचकत त्या दगडाचा विषय काढला. तो म्हणाला, "सर, तो मी त्याच दिवशी शाळा सुटल्यावर खिडकीखालून उचलला की!" त्याच्या आईने तो तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात बसवला होता. माझ्या फेकण्याने त्याचे एक टोक उडाले होते. तेवढी जागा खरखरीत दिसत होती. बाकी पाण्यासारखा अपोफिलाइट आणि त्याच्या कुशीत गुलाबी स्टिल्बाइटची एक इवलीशी पेंढी. वसुबारसेची संध्याकाळ होती. माउलीने त्याच्यापुढे पणती ठेवली, तेव्हा स्फटिकाच्या माथ्यावर मोत्यासारखी झाक आली.

मी खिशातून कागद काढला आणि चिठ्ठी लिहिली: खनिजाची दोन्ही नावे, गावाचे नाव, शिवाराचे नाव, विहीर किती हात खोल होती ते, आणि खाली, सापडले कोणाला, तेही. त्याने ती वाचली, घडी केली आणि कोनाड्यात दगडाखाली सारून ठेवली. "आणि टोक कोणी तोडलं, ते नाही लिहिलं सर?" तो हसत म्हणाला.

मी चिठ्ठी परत मागून घेतली आणि तेही लिहिले.